छपरावरची डुकरीण

आमच्या गावात वारा सगळ्यांच्याच अंगाला लागायचा, पण तो कुठून आला हे बघायचा हक्क फक्त गढीला. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारं पातं लावणं हा जहागीरदारांचा मान. बाकीच्यांनी बोट ओलं करून हवेत धरायचं. माझी थोरली जाऊ पेरोनेला नव्या नवरीच्या उत्साहात एकदा लाकडाचं पातं लावून बसली. गढीच्या माणसांनी ते चुलीत घातलं आणि तिच्या नवऱ्याला, आमच्या अर्नालभाऊजींना, दिवसभर तळघरात डांबलं. तेव्हापासून ही बाई डुकरं पाळायची, चेस्टनट वाळवायची आणि येता-जाता आपल्या बोडक्या छपराकडे बघून उसासे टाकायची. दुसऱ्या बायका दागिन्यांसाठी झुरतात, ही पत्र्यासाठी झुरली.

मग पॅरिसमध्ये लोकांनी तुरुंग फोडला, आणि पाद्रीबाबांनी चर्चमध्ये तिकडून आलेला कागद वाचला. माणसं जन्मतः मोकळी आणि सारखी! शहाणे लोक म्हणे कित्येक वर्षं हेच लिहीत होते, की जन्माने कुणी मोठा नसतो, ज्याने त्याने आपलं डोकं चालवावं. आमचे पुरुष नेहमीसारखे घोरत होते. पेरोनेला ताडकन उठली.

“पाद्रीबाबा, माणसं सारखी, मग छपरं?”

“छपरांचं त्यांनी काही लिहिलेलं नाही, बाई.”

“राहून गेलं असेल. आपण चालवू डोकं.”

भाऊजी पत्र्याचं काम करायचे. त्यांनी फुटकी कढई कापून चांगली गुबगुबीत डुकरीण केली. “अगं, लोक कोंबडा लावतात,” मी म्हटलं. “कोंबड्याने कधी माझं घर चालवलंय?” ती म्हणाली. डुकरीण छपरावर गर्रकन फिरली आणि पेरोनेला अंगणात तिच्यापेक्षा जोरात.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या गावांतले लोक ढोल बडवत आले. आमच्या पेरिगोर प्रांतभर गढ्यांवरची पाती उतरवणं चाललं होतं. आमच्या जहागीरदारांचं भलंमोठं पातंही त्यांनी खाली ओढलं, चर्चमधला त्यांचा मानाचा बाक जाळला आणि त्याभोवती नाच धरला. सगळ्यांत पुढे आमची पेरोनेला! तेवढ्यात पुढारी गिल्हेम गाडीवानाची नजर तिच्या छपरावर गेली.

“अरे, ही कोण नवी जहागीरदारीण? उतरवा तेही! आता सगळे सारखे!”

शिडी लागली. पेरोनेला शिडीच्या खालच्या पायरीवर फतकल मारून बसली.

“गिल्हेम, तुझ्या घरावर पातं आहे?”

“नाही, काकू.”

“हवंय?”

तो घुटमळला. “हवं तर... आहेच की.”

“मग माझं काढून तुला काय मिळणार रे, शहाण्या? सारखंच करायचंय ना? सगळ्यांच्या छपरावर चढवा!”

“पत्रा कुठून आणू?”

तिने जमिनीवर पडलेल्या गढीच्या पात्याकडे बोट केलं. “त्याचं काय लोणचं घालणार आहेस?”

एवढा हशा पिकला की ढोलवाला ढोलावरच आडवा झाला. भाऊजींनी कात्री काढली. कुणाला बेडूक, कुणाला गोगलगाय, गिल्हेमला स्वतःचा बैल. सूप संपत आलं की आम्ही त्यात वाईन ओततो; त्या दिवशी काहींनी सूप सुरू व्हायच्या आधीच ओतली. दुसऱ्या दिवशी अख्खं गाव माना वर करून रस्त्यात उभं, आणि जो तो शेजाऱ्याला ओरडून सांगतोय, “पश्चिमेचा वारा! पश्चिमेचा!” पेरोनेला हसता हसता रडायला लागली. मीही रडले, का ते विचारू नका.

त्या गर्दीत म्हातारे जहागीरदार काठी टेकत आले. लोकांनी वाट करून दिली. ते आपल्या बोडक्या गढीकडे बघत हळूच म्हणाले, “पेरोनेला, आज पाऊस येईल का हो?” तिला कुणी ‘गं’ऐवजी आदराने ‘हो’ म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

गिल्हेम फिस्सकन हसला. “बोट ओलं करा म्हणावं!”

“गप रे!” पेरोनेला त्याच्यावर खेकसली. “सगळे सारखे म्हणजे सगळे.” मग नवऱ्याकडे वळली. “अहो, कढईचा तुकडा उरलाय ना? यांनाही एक करून द्या.”

“काय करू? सिंह?”

“डुकराचं पिल्लू.”

जहागीरदारांनी मान वर करून तिच्या छपरावरची डुकरीण न्याहाळली. मग म्हणाले, “शेपटी जरा वाकडी ठेवा.”