सोवळ्याची बाटली

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या आमच्या ऑफिसात त्याला सगळे सोवळ्या म्हणायचे. त्याचं सोवळं देवपूजेचं नव्हतं, बिअरचं होतं. घरी बिअर करताना यीस्टच्या बाटलीला शिवण्याआधी तो कोपरापर्यंत हात धुवायचा आणि बाटली उघडी असेपर्यंत कुणाला तोंड उघडू द्यायचा नाही. एकदा मी शिंकलो, तर पठ्ठ्यानं सगळं ओतून देऊन पहिल्यापासून सुरुवात केली.

यीस्ट तयार करायला त्यानंच मला शिकवलं. माल्टची पावडर पाण्यात उकळायची, भांडं सिंकमधल्या गार पाण्यात ठेवायचं आणि कोमट झाल्यावरच बाटलीत ओतून यीस्ट घालायचं. मग बाटलीच्या तोंडावर फॉइल सैल बसवून दोन दिवस उबेत ठेवायची. मला मेल्याला धीर धरवायचा नाही. "अरे, हॉट आहे अजून! जिवंत असतं ते, मरेल ना!" म्हणत तो माझा हात धरायचा. या देशात इतक्या हक्कानं माझ्यावर दुसरं कोणी ओरडत नव्हतं. मला तो फार आवडायचा.

त्या वर्षी बाबा नागपूरहून दोन महिने रीडिंगला माझ्या घरी राहायला आले. माझा काका दारूपायी गेला, तेव्हा बाबांनी माझ्याकडून न पिण्याचा शब्द घेतला होता. तो मी मोडलाय, हे सोवळ्याला ठाऊक होतं. बाबा यायच्या आधी मी सगळं सामान त्याच्याकडे पोचवलं. आणि एका शनिवारी हाच बाटली घेऊन दारात उभा! बाबा फिरायला गेले होते.

"बॉयलर गेलाय यार, घर गारठलंय, लँडलॉर्ड मंडेला माणूस पाठवतोय. तुझ्या एअरिंग कबर्डमध्ये ठेव, प्लीज. काकांना दिसलीच तर मी सांगतो ना, माझी आहे म्हणून."

गरम पाण्याच्या टाकीला टेकवून, टॉवेलांच्या मागे मी ती ठेवली.

दुसऱ्या दिवशी सोवळ्या चहाला आला होता. बाबा आंघोळीसाठी टॉवेल घ्यायला गेले आणि बाटली घेऊनच बाहेर आले. फेस त्यांच्या बोटांवर ओघळत होता. तो वास त्यांना भावाच्या घरापासून ओळखीचा होता. मी सोवळ्याकडे पाहिलं. तो उठला, त्यानं बाबांच्या हातातून बाटली अलगद घेतली आणि म्हणाला, "काका, मी ह्याला किती वेळा सांगितलं, हे सोड म्हणून."

आणि ती त्यानं सिंकमध्ये ओतली.

शब्द तर मी मोडलाच होता, मग बाटली कुणाची हे कुठल्या तोंडानं सांगणार? बाबा सोफ्यावर बसले. बोटांवरचा फेस पुसत म्हणाले, "निदान असा एक माणूस तरी आहे तुझ्याजवळ."

सोमवारी सोवळ्या म्हणाला, "पॅनिक झालो रे. तुझे बाबा आहेत, तुला माफ करतील. मला कशाला करतील?" एवढा संताप मला आयुष्यात कुणाचा आला नाही. त्या दिवसापासून मी बिअर सोडली आणि त्याच्याशी बोलणंही.

बाबांनी मला माफ केलं की नाही, कळलं नाही. माझ्या पिण्याबद्दल त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही. पण नागपूरला परतल्यावर, पुढे ते वारेपर्यंत, दर रविवारी फोन ठेवताना म्हणायचे, "तुझा तो मित्र बरा आहे ना? त्याचं ऐकत जा."

"हो बाबा," मी म्हणायचो, "त्याचंच ऐकतो."