चिबडाची फुगडी

अगो बाय, जवळ सरक बघू. मी लिहिलेलं वाचतेस म्हणजे माझ्या शेजारी बसल्यासारखंच की. परवा डिचोलीहून फोन करून रडत होतीस, विनोदी कथाकवितेतलं यमक, अनुप्रास पाठ होत नाही म्हणून. पाठ कसलं करतेस? गेल्या गणपतीच्या चवथीला परीक्षेचं निमित्त काढून चोपड्याला घरी आली नाहीस, नाहीतर सगळं फुगडीतच कळलं असतं.

झालं काय, तुझा धाकटा आजोबा, माझा दीर, दरवर्षी माटोळी बांधतो. डोंगरावरची फळं-फुलं बाप्पाच्या वर चौकटीला टांगायची, ते काम त्याचं. गेल्या वर्षी त्यानं हौसेनं चिबूड बांधला, आपण गूळ घालून खातो ते खरबुजासारखं फळ, आणि तोही पिकलेला. मी म्हटलं, "भावजी, हा आज फुटेल." तर म्हणतो, "वयनी, माझी गाठ आहे ती." ऐन आरतीत गाठ सुटली आणि चिबूड भटजींच्या डोक्यावर. भटजींनी तोंड पुसलं, ओठाला लागलेलं चाखलं आणि म्हणाले, "गूळ तेवढा कमी आहे."

हसलो सगळे. पण मग जो दर्शनाला येई तो विचारी, "चिबूड कुणी बांधला?" दिराचं तोंड उतरलं. "पुढच्या वर्षी माटोळी तुम्हीच बांधा," म्हणाला आणि बाहेर ओसरीसारख्या सोप्यावर जाऊन बसला. जेवायलासुद्धा उठेना. जाऊबाई माझ्याकडे बघत राहिली. वडिलांनी त्याच्या हातात दिलेलं काम ते. सुटलं तर कायमचंच सुटणार.

दुपारी बायका फुगडीला जमल्या. मी नवीन गाणं धरलं.

माटोळीवर चिबूड चढला, पिवळा पिवळा पिकला,
भटजींच्या त्या टकलावरती टप्पकन टपकला!

ते 'ट ट' ऐकलंस? पडल्याचा आवाज येतो ना, तोच तुझा अनुप्रास. पुढे,

चिबडाचा गो पूर आला, पाट वाहून गेला,
बाप्पाचा तो उंदीर पोहत नदीपार झाला!

एका चिबडात कुठला पूर? ती अतिशयोक्ती. इतकं मोठं खोटं बोललं की कुणाला लागत नाही. सोप्यावर खोकल्याचा आवाज आला. हसू दाबलं की त्याला खोकला येतो, मला ठाऊक आहे. मग मी पाय हळू केले.

चूक कुणाची, चूक कुणाची, विचारतो गाव,
गाठ म्हणाली, मीच सुटले, माझंच घ्या गो...

आणि थांबले. बायकापण थांबल्या. गाठीला तोंड फुटलं, दोष तिनं घेतला, याला तुमच्या पुस्तकात काहीतरी लांबलचक नाव आहे, ते तू सांग. पण यमकाची गंमत अशी की 'गाव' म्हटलं की पुढचा शब्द ऐकणाऱ्याच्या जिभेवर येऊन बसतो. गिळता येत नाही.

"नाव," सोप्यावरून दीर म्हणाला.

जाऊबाईनं फुगडी सोडली आणि पान वाढायला धावली. जेवताना तो मला म्हणतो, "वयनी, गाठीवर घातलंत ते बरं केलंत. पण चिबूड मी पुढच्या वर्षीही बांधणार. कच्चा."

तर चवथ आली आता. तो डोंगरावर जाऊन फळं हेरून आलाय. नवीन गाण्याची पहिली ओळ मी जुळवलीय, जोडीची सापडत नाही. पेडण्याची बस धर आणि लवकर चोपड्याला ये गो.