फ्रेंच सर आणि पंपावरचा प्रश्न

१० डिसेंबर, बुधवार. क्लबहाऊसमधला सिनेमाचा पडदा उतरवून धुवायला काढला. पडदा म्हणजे डबल बेडची पांढरी चादर, वर एक काठी, खाली एक काठी. तिच्या मधोमध चहाचा डाग आहे. शेलूच्या आमच्या सोसायटीने फ्रान्स, बेल्जियम, कॅनडातला बर्फ, सगळं त्या डागासकट पाहिलं. आजही डाग निघाला नाही. मी घासत होते तेवढ्यात नेरळच्या फ्लेक्सवाल्याचा फोन आला. "मॅडम, फोटो एकदम क्लिअर आलाय. मूळ गाव काय टाकू?" मी म्हटलं, उद्या सांगते. सोसायटीची सेक्रेटरी असल्यामुळे लोक विचारतात आणि मी लगेच सांगते, अशी आमच्याकडे पद्धत आहे. या प्रश्नावर मात्र मी अडले.

फोटो फ्रेंच सरांचा होता. ते मागच्या आठवड्यात गेले. रविवारी त्यांची शोकसभा आहे.

सर पडद्याच्या डाव्या बाजूला उभे राहायचे आणि चालू सिनेमा मराठीत बोलून दाखवायचे. सिनेमा फ्रेंच, खाली अक्षरं इंग्रजी, आणि समोर आम्ही. म्हणून बायकांचे, पुरुषांचे, पोलिसांचे, सगळे आवाज त्यांचेच. सगळे सिनेमे प्रवासाचे. कोणीतरी गाडी काढतं, घर सोडतं आणि चालायला लागतं. आमचे पाटीलकाका, ज्यांच्या जमिनीवर ही बिल्डिंग उभी आहे आणि जे आता तिच्यातच तळमजल्यावर राहतात, ते त्यांना 'गाडीचे पिक्चर' म्हणायचे. "आज गाडी कुठं जाणार हाय मास्तर?" असं विचारून पहिली खुर्ची धरायचे.

प्रत्येक सिनेमात गाडी पेट्रोलपंपावर थांबायची. आणि प्रत्येक पंपावरचा माणूस, तो बेल्जियमचा असो की कॅनडाचा, टाकीत नळी घालून गाडीवाल्याला विचारायचा, "गाव कुठलं तुमचं?" गाडीवाला जरा थांबून गावाचं नाव सांगायचा. त्यात आम्हाला काहीच वावगं वाटलं नाही. आपल्याकडे शेअर जीपमध्ये शेजारी बसलेला माणूस कशेळे यायच्या आत गाव विचारतो, मग आडनाव विचारतो. फ्रेंच लोकही विचारत असतील. पाटीलकाका तर खूश व्हायचे. "बगा, तिकडं बी मानसंच हायत."

एकदा मी म्हटलं, "सर, फ्रान्सची माणसं फारच चौकशा करतात." ते म्हणाले, "फ्रेंच बोलणारा प्रत्येक जण फ्रान्सचा नसतो, सेक्रेटरीबाई. म्हणून तर या सिनेमांत एवढी पळापळ आहे." मला कळलं नाही. मी चहाचे कप मोजायला गेले.

त्यांच्या स्वतःच्या दारावर नुसतं 'अनंत' होतं. आडनाव नाही. कोणी गाव विचारलं तर म्हणायचे, "शेलू." त्याआधी? "मुंबई." त्याआधी? "त्याआधी मी लहान होतो." यावर लोक हसायचे आणि विषय संपायचा. माझ्या दारावर माझं पूर्ण नाव आहे आणि हॉलमध्ये बुद्धमूर्ती आहे, त्यामुळे मला कोणी आडून आडून विचारत नाही. गाव विचारणाऱ्याला बहुतेक वेळा गाव नको असतं, हे मलाही माहीत आहे आणि सरांनाही माहीत असणार. मी त्यांना ओळखलं होतं. खीर दिली की कुठल्या पौर्णिमेची, हे त्यांना सांगावं लागायचं नाही. पण ते बोलले नाहीत म्हणून मीही बोलले नाही.

मुंबईच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर फ्रेंच शिकवलं. फ्रान्सला कधी गेले नाहीत. फ्रेंचच का, असं मी एकदा सरळ विचारलं. म्हणाले, "वर्गात पहिल्या दिवशी कुणालाच काही येत नव्हतं. सगळे सारखे. अशी जागा मी त्याआधी पाहिली नव्हती." मग म्हणाले, "आणि त्या भाषेत मला कुणी गाव विचारलं नाही."

मग पंपावरचे ते सगळे लोक काय विचारत होते?

हा गोंधळ माझ्या मुलीने वाढवला. प्राची पुण्याला नोकरी करते. दिवाळीला घरी आली तेव्हा मी तिला कौतुकाने सरांचा एक सिनेमा सांगितला. ब्रसेल्सची बाई, आईबाप मोरोक्कोचे. वडील गेल्यावर त्यांचं जुनं शिलाई मशीन गाडीत घालून ती त्यांच्या गावाला निघते. तिला तिथली भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही. शेवटी गावात पोचते, चुलती तिला दारातच ओळखते, हात धरून आत नेते. आम्ही बायका रडलो होतो. प्राची म्हणाली, "आई, मी पाहिलाय हा. ती गावात जातच नाही."

"असं कसं? नावं वर सरकत होती तेव्हा जाते ना."

"नावं म्हणजे सिनेमा संपला. ती वळणावर गाडी थांबवते, खाली गाव दिसतं, ती बघत बसते. संपलं. आणि पंपावर तिला कुणी काही विचारत नाही. पंपावर माणूसच नाही, मशीन आहे."

मी चक्रावले. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, काळ्या पडद्यावर पांढरी नावं धावतात तेव्हा चित्र थांबतं आणि शेवट तोंडी सांगतात. फ्रेंच लोकांची तशी रीत असेल. सर तिथेच सगळ्यात रंगून बोलायचे. दार वाजायचं, कुत्रं भुंकायचं, कोणीतरी म्हणायचं, आलीस का गं. हे सगळं पडद्यावर नव्हतंच? मग आम्ही इतके रविवार काय पाहिलं?

दुसऱ्या दिवशी जिन्यातच त्यांना गाठलं. "सर, तुम्ही आम्हाला खोटे सिनेमे दाखवले?"

ते अजिबात गडबडले नाहीत. "सिनेमे खरे होते. पहिला संपला तेव्हा पाटीलकाकांनी काय विचारलं, आठवतं?"

आठवत होतं. पाटीलकाका खुर्चीतून उठले होते. "आरं पन घरी पोचला का नाय त्यो? का रस्त्यातच ठेवला त्याला?"

"मला त्यांना 'नाही' म्हणता आलं नाही," सर म्हणाले. "मग सवय लागली."

"आणि पंपावरचा प्रश्न?"

"तो..." म्हणाले आणि जिना उतरून गेले.

त्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "तुम्ही खोपोलीला जाता तेव्हा मला न्याल?" खोपोलीच्या कारखान्यांत माझे जेवणाचे डबे जातात, दुपारी मी माझी पांढरी ईको घेऊन रिकामे डबे आणायला जाते. म्हटलं, चला. कर्जतजवळ पंपावर थांबलो. पंपावरचा माणूस म्हणाला, "झीरो बघा ताई." बाकी काही विचारलं नाही. सर खिडकीची काच खाली करून त्याच्याकडे अपेक्षेने बघत होते. मला हसू आलं, पण त्यांना आलं नव्हतं.

डबे घेऊन परतताना खालापूरच्या पुढे एका फाट्यावर म्हणाले, "इथे आत घ्या." रस्ता अरुंद. शेतं कापून झालेली. एका वळणावर म्हणाले, "थांबा." खाली पंधरावीस घरं, टोकाला छोटं विहार, त्यावर झेंडा. अलीकडे एका अंगणात एक म्हातारी सुपात काहीतरी निवडत होती. मी इंजिन बंद केलं. मागे डबे खुळखुळायचे थांबले.

"उतरायचं ना, सर?"

"जरा थांबा."

म्हातारीने एकदा मान वर करून गाडीकडे पाहिलं. सरांनी काच वर केली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "वळवा."

मला राग आला. एवढं आत आलो, माणूस आहे, अंगण आहे, उतरायला काय होतं? म्हटलं, "तुमच्या सिनेमात तर सगळे उतरतात."

"नावं सुरू झाल्यावर उतरतात," ते म्हणाले. शेलूच्या गेटपाशी उतरताना एवढंच म्हणाले, "आई गेली तेव्हाही आलो नव्हतो. कळवलं होतं गावच्यांनी. आता काय तोंडाने... पुढच्या वेळी बघू."

पुढची वेळ आली नाही. झोपेतच गेले. नाशिकची मानलेली भाची येऊन सगळं करून गेली; जाताना म्हणाली, "मामांनी गावाचं कधी काही सांगितलं नाही. तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा, काकू."

मला काय योग्य वाटतं? गावाचं नाव मला माहीत आहे, मोबाइलच्या नकाशात दिसतं. पण ज्या माणसाने दारावर आडनाव लावलं नाही, त्याचं गाव मी गेटवर आठ फुटी फ्लेक्सवर टांगू? आणि वर 'श्रद्धांजली' लिहू की आमच्यात म्हणतात तसं 'पुण्यानुमोदन'? नाही लिहिलं, तर वळणावर गाडी मीच परत फिरवली असं होईल. लिहिलं, तर त्यांनी जे झाकलं ते मी उघडलं असं होईल. संध्याकाळी पाटीलकाका चादर वाळत घालायला मदत करत म्हणाले, "मास्तर कुठले गं नेमके? आमच्या पलीकडचेच असनार, बोलन्यावरनं वाटायचं." मी म्हटलं, "माहीत नाही, काका." हे खरंही नव्हतं आणि खोटंही नव्हतं.

११ डिसेंबर, गुरुवार. सकाळी डबे भरून पाठवले आणि ईको काढली. खालापूरच्या पुढचा फाटा, मग ते वळण. तिथे थांबले नाही. सरळ अंगणापर्यंत नेली. म्हातारी तिथेच होती, वाल सोलत.

"कुनाकडं आलीस गं?"

"अनंत सरांच्या... अनंतच्या घरचं कोणी आहे का इथे?"

"नामदेवाचा अनंता? मी चुलती त्याची." तिने मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकत उठली आणि माझ्याकडे न बघता गाडीपाशी गेली. काचेला कपाळ लावून आत बघायला लागली. "मागं आलता तवा बी आतच बसला व्हता. ह्याच गाडीत. नाक बापाचंच, मी वळकलं. म्हनलं उतरंल, चहा टाकते, तर गाडीच फिरली. आज बी आतच बसलाय का? उतर म्हनावं की त्याला."

मी सांगितलं. तिचा हात काचेवरच राहिला.

"कधी?"

"मागच्या आठवड्यात."

"आन् आमाला कळवलं बी नाय?" ती माझ्यावरच ओरडली. "त्याला कुनी नव्हतं व्हय गं? येवडं गाव हाय त्याचं!"

तेवढ्यात फ्लेक्सवाल्याचा फोन वाजला. "मॅडम, मशीन थांबवून ठेवलंय. करू का फायनल?"

"दोन छाप," मी म्हटलं. "एक शेलूला, एक इथे. वर पुण्यानुमोदन लिही."

"आणि गाव?"

मी फोन म्हातारीच्या कानाला लावला. "आजी, तो गाव विचारतोय. सांगा त्याला."

तिने फोन दोन्ही हातांनी धरला आणि शेताच्या पलीकडे हाक मारावी एवढ्या मोठ्याने सांगितलं, "पळसखोंड! आमचा अनंता पळसखोंडचा!"