कोळशाचा कान

तांदूळ रोवळणाऱ्या बाईला कोळसाही रोवळता येतो, हे मला घोटावड्याला सासरी आल्यावर कळलं. घर लोहाराचं. डोंगरातला लाकडी कोळसा मिळेनासा झाला होता आणि पुण्याच्या वखारीतला सगळ्यात स्वस्त दगडी कोळसा आमच्या वाट्याला यायचा: ओला, मातकट, निम्मा दगड.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, तो टोपलीत भरून ओढ्यात बुडवायच्या आणि तांदळासारखा हिंदकळवायच्या. कोळसा हलका, तो वर यायचा. दगड तळाशी बसायचा. वरचा तेवढा काढून पत्र्यावर उन्हात पसरायचा. दोन दिवसांनी खरी परीक्षा. एकेक खडा कानाशी धरून त्या खिळ्याने ठोकायच्या. खणकन वाजला तर सुका. बसका वाजला तर दगड, नाहीतर पोटात पाणी. असला खडा भट्टीत गेला की फटाक्यासारखा फुटतो.

वर्षभरात माझ्या ध्यानात आलं, आत्याबाईंना ऐकूच येत नाही. जन्म घणाशेजारी गेलेला. तरी ठोकणं चालूच! मान तिरकी, डोळे मिटलेले, जणू खडा माहेरची खुशाली सांगतोय.

आणि मला नकलांचा भारी नाद. ओढ्यावर बायका जमल्या की मी पदर खोचून, गोटा कानाशी लावून आत्याबाई व्हायची. "ह्यो सुका हाय... ह्यो वला हाय गं बाई!" बायका हसून लोळायच्या.

एकजण म्हणाली, "अगं, म्हातारीला ऐकू येत न्हाई हे नवऱ्याला सांग की."

"मग माझा खेळ कुणी बघायचा?" मी म्हणाले. काय टाळ्या पडल्या!

त्या वर्षी पेरणीआधी फाळ ठोकून घ्यायला दारात रांग लागली. कोळसा एकच दिवस वाळला होता. आत्याबाईंनी ठोकून टोपली भट्टीशी ठेवली. मी भाता ओढत होते. नवरा फाळ बघायला वाकला, आणि फट्! तो मागे कोसळला. डोळ्यावर हात, बोटांतून रक्त.

"कोळसा कुणी निवडला?" नवरा ओरडला.

आत्याबाईंना ओठांवरून कळलं असावं. "म्या," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येत न्हाई. लई दिस झालं."

"मग बोलली का न्हाईस, आये?"

"बसून खाणारी म्हातारी कुणाला पायजे, बाबा?"

मी भात्याची दोरी धरून उभी होते. एवढी बोलकी मी, पण मला ठाऊक होतं हे तेवढं सांगितलं नाही.

डावा डोळा गेला. नवरा दवाखान्यातून आला त्या दिवशी आत्याबाईंनी टोपली माझ्यापुढे सरकवली. "वाजव. नीट ऐक. अजून एक डोळा हाय त्याला."

मी खडा कानाशी धरून ठोकला. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत बसल्या, आवाज तिथे दिसणार असल्यासारख्या. ओढ्यावर हा चेहरा काय काय करायचा, हे त्यांच्यापर्यंत पोचलं होतं का, मला कधीच कळलं नाही.

आवाज बसका आला. मी मान हलवली. त्यांनी खडा माझ्या हातातून घेतला आणि अंगणाबाहेर भिरकावला.