तेरा वाजता बदलणारं घड्याळ

भूत, भानामती, मागे कुणीतरी उभं असल्याचा भास... यातलं मला कधीच काही झालेलं नाही. झालं असतं तरी मी त्याचं खापर अपचनावर फोडलं असतं. वसमतला बसस्टँडच्या मागे माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीला टेकवलेला बाक. जे घडलं ते भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या देखत. तेव्हा घाबरायच्या तयारीने बसला असाल तर निराशा होईल.

मागच्या उन्हाळ्यात काउंटरवरचा कॉम्प्युटर फारच रडायला लागला, म्हणून रिपेअरिंगवाल्या इरफानभाईंनी त्यावर नवी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली. पळायला लागला. भानगड एकच – घड्याळ चोवीस तासांचं. ते मुळात तसंच येतं म्हणे. आमच्याकडची निम्मी मंडळी मोंढ्यात हळद विकून येतात. कोपऱ्यात १६:२० बघून एकाने हा आजचा भाव का म्हणून विचारलं. मी सेटिंगमध्ये जाऊन बारा तासांचं केलं.

दुसऱ्या दिवशी जेवून आलो तर १४:१०. सेटिंगमध्ये काय निवडलंय ते न बघताच पुन्हा बारावर क्लिक केलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

काउंटरवर मंदाताई बसायच्या, चार वर्षांपासून. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या पगारावर. वडील एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे त्यांना लहानपणापासून चोवीस तासांची सवय. हेच बरं, सकाळ-संध्याकाळचा घोटाळा होत नाही, असं पहिल्या दिवशी त्याच म्हणाल्या होत्या. मग संशय कुणावर जाणार? विचारलं तर नाही म्हणाल्या. पाचव्यांदा झालं तेव्हा बाकावर सात-आठ माणसं होती, आणि माझं डोकं तापलं.

"मंदाताई, एवढ्याशा गोष्टीसाठी खोटं कशाला बोलता?"

"मी काहून खोटं बोलू, सर?"

एवढंच. समोरच्या बाईंचा अर्धा राहिलेला फॉर्म त्यांनी पूर्ण भरला, प्रिंट काढून दिली, डबा उचलला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत.

त्या दिवशी काउंटरवर मीच बसलो. सकाळीच पासवर्ड बदलला, इंटरनेटची वायर काढून ठेवली. दुपारी की-बोर्ड-माऊसला हात न लावता नुसता बघत बसलो. १२:५९... आणि पुढच्या मिनिटाला १३:००. सेटिंग उघडली – तिथे बारा तासच निवडलेले. घड्याळाचं सोडा. मंदाताई खरं बोलत होत्या.

इरफानभाईंनी डिस्क बदलली, सिस्टीम पुन्हा टाकली. त्याच पेन ड्राइव्हवरून त्यांनी गावात आणखी बऱ्याच मशिनी केल्यात, सगळ्या सुतासारख्या सरळ. माझीच तेवढी रोज दुपारी एकला फिरते. सकाळी बघावं तर परत बारा तासांची. इरफानभाई आता हा विषय काढला की चहा मागवतात.

रविवारी मंदाताईंच्या घरी गेलो. जे पाहिलं ते सांगितलं, चुकलो म्हणालो. नवऱ्याला पाणी पाजून त्या माझ्यासमोर बसल्या.

"तुमी चार माणसांत म्हणलात, सर. मग हे बी चार माणसांतच सांगा. इथं येऊन कानात सांगू नका."

बरोबर होतं. पण त्या दिवशीची माणसं गोळा करायची कुठून? कोण कुठल्या खेड्याचं, कुणाला ठाऊक. सोमवारी बाकावर जे होते त्यांनाच सगळं सांगितलं. त्यांना वाटलं, मला ऊन लागलं असावं. मंदाताई परत आल्या, पण माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मला त्याचं वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं.

म्हणून इथे लिहितोय. इथे चारांपेक्षा जास्त माणसं वाचतात. तो कॉम्प्युटर अजून काउंटरवरच आहे, आणि घड्याळ का फिरतं याचं कारण मला आजही देता येत नाही. तुम्हाला सुचलं तर जरूर सांगा. काहीही चालेल – बग म्हणा, भूत म्हणा. फक्त मंदाताईंचं नाव घेऊ नका.