आधी गोफणवाले, मग कोठार

माझ्या धाकट्या भावानं माझं अणदूर घेतलं ते भाऊबीजेनंतर दोन-तीन दिवसांत. हसू नका. मोबाईलमधलं अणदूर म्हणते मी. पण घेतलं ते खरंच घेतलं, आन मला लागलं तेही खरंच लागलं.

आधी गेम काय ते सांगते, न्हायतर तुम्ही म्हणाल म्हातारीचं काहीतरीच. माझी लेक पुण्याला नोकरीला. तिनं मला टॅबलेट आणून दिला आन त्यात ही राज्याची गेम घालून दिली. सुरवातीला प्रत्येकाला जराशी जमीन आन एक लाठीवाला मिळतो, बाकी सगळीकडं अंधार. आपण गाव वसवायचं, त्याला नाव द्यायचं, मग गावाला सांगायचं काय बांध ते. कोठार बांध, देऊळ बांध, शिपाई तयार कर, न्हायतर दुसरी वस्ती करायला माणसं काढ. एका वेळी एकच काम. ते संपल्याबिगर दुसरं हातात घेत न्हाय गाव. आपली पाळी झाली की दुसऱ्याची. मी इथं परंड्याला धारा काढून झाल्या की चहाबरोबर खेळते, लेक ऑफिसात डबा खाताना खेळते, आन भाऊ तिकडं अणदूरला घरासमोरच्या पारावर बसून खेळतो. तिघंच. एक डाव महिना-महिना चालतो.

अणदूर माझं माहेर. म्हणून पहिल्या डावात माझ्या राजधानीचं नाव मी अणदूर ठेवलं. दुसरं काय ठेवणार? आन बांधकामाला सुरवात केली ती बाईमाणूस करंल तशीच. आधी कोठार, कारण पोटाचं आधी बघायचं. मग देऊळ, कारण अणदूर म्हटलं की खंडोबा आलाच. मग ओढ्याच्या कडंला दुसरी वस्ती. शिपाई म्हणून तो फुकटात मिळालेला एक लाठीवाला, बस.

लेक म्हणाली, "आई, मामाची हद्द लागून आहे तुला. दोन शिपाई तरी ठेव."

"मामा हाय तो," म्हटलं, "चोर न्हवं."

तरी मी येडी न्हाय. भाऊबीजेला तो परंड्याला आला. पाटावर बसला, मी ओवाळलं, त्यानं खिशात हात घातला. म्हटलं, "थांब. साडी नको, पाकीट नको. या साली ओवाळणीत मला तह दे."

तो हसला, मोबाईल काढला, आन तबक माझ्या हातात असतानाच बटण दाबलं. "घे आक्का, तह. खूष?" खूष म्हणजे काय, लई खूष. मी त्याला करंज्या वाढल्या, जाताना डबा भरून दिला. आन आता हद्दीची काळजी मिटली म्हणून गावाला दुसरं देऊळ बांधायला सांगितलं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी टॅबलेट उघडते तर अणदूर लाल. लाल रंग त्याचा. ओवाळणीतला तह एका बोटानं मोडला आन घोडेस्वार घेऊन आत शिरला.

तुम्हाला आमच्या अणदूरचं ठाऊक नसंल तर सांगते. आमचा खंडोबा वर्षातून दीड-दोन महिने नळदुर्गाला जातो. दोन्ही गावची माणसं बसतात, देव कधी न्यायचा आन कधी परत आणायचा याचा करार करतात, आन ठरल्या वेळी देव परत येतो. पिढ्यान् पिढ्या चाललंय, कुणी देव दाबून ठेवला न्हाय. त्या गावचा माणूस हा. आन बहिणीला दिलेला तह चार दिवस पाळंना.

मी फोन लावला. "काय रं, ओवाळणी परत घेत्यात व्हय?"

"आक्का, गेम हाय गं ती!"

"तबक हातात व्हतं माझ्या."

"मग? परंड्याला नांदतीस, दारात एवढा किल्ला उभा हाय, आन गावाला एक तट न्हाय बांधला तू? ह्ये देऊळ, त्ये देऊळ. मी आलो तर वेशीत एकटा लाठीवाला, त्यो बी पेंगत व्हता!"

मागं माझी भावजय हसली. तिचं हसणं मला दोन कोसांवरनं ओळखू येतं.

"बरं, घेतलंस तर घेतलंस," मी म्हटलं. "नाव तरी बदल. अणदूर माझं व्हतं."

"तुझं कसं?" तो म्हणाला. अगदी सहज म्हणाला, त्यात राग न्हाय, चेष्टा न्हाय. "अणदूर माझं. तुझं परंडा की. पोरींचं गाव सासरचं असतंय."

वडील गेले तेव्हा मी तुळजापूरला जाऊन हक्कसोडावर सही केली होती. कुणी हात धरला न्हवता. सगळ्याच बहिणी करतात, मीही केली, वर येताना भावाला पेढे घेऊन आले. त्या सहीचं मला आजवर कधी वाईट वाटलं न्हवतं. त्या फोनवर वाटलं.

फोन ठेवायच्या आधीच माझं ठरलं होतं. पुढच्या डावात तो आपल्या गावाचं नाव अणदूर ठेवणार, आन ते मी घेणार. राज्य जिंकायचं न्हाय, सोनं न्हाय, नंबर न्हाय. ते एक गाव. आमचे हे आतनं म्हणाले, "अगं, पोरखेळ हाय, सोड." म्हटलं, "तुमचं गाव तुमच्याकडं हाय, तुम्ही बोलू नका."

थंडीभर मी तेच केलं. तालमीसाठी टॅबलेटच्या मशिनीबरोबर एकटीनं खेळायची सोय असते, त्यात खेळत बसायची. लेकीनं फोनवर समजावलं की प्रत्येक कामाला किती पाळ्या लागतात ते ठरलेलं असतं, आन सुरवातीच्या पाळ्यांत जे आधी हातात घेशील त्यावर पुढचा सगळा डाव उभा राहतो. ते आकडे माझ्या डोक्यात राहीनात. मग मी चिंचोके घेतले. एक चिंचोका म्हणजे एक पाळी. घरात खाली बसून ओळी लावल्या. कोठाराची ओळ उंबऱ्यापर्यंत गेली. देवळाची त्याहून लांब, पार न्हाणीपर्यंत. आन गोफणवाल्याची ओळ बघते तर विताएवढी! तेव्हा डोळ्यांना दिसलं, की मी कोठार बांधत बसले तेवढ्यात भावाची अख्खी फौज तयार होत होती.

गोफणवाला म्हणजे या गेममधला सगळ्यात गरीब शिपाई. दगड फेकतो, जवळ गेलं की मरतो. पण गोफण म्हटल्यावर मला बरं वाटलं. लहानपणी जोंधळा हुरड्यात आला की आम्ही दोघं बहीण-भाऊ शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं हाकायचो. त्याचा दगड आजवर एका पाखराला लागलेला न्हाय. पाटलाच्या म्हशीला लागला एकदा.

चुका लई केल्या. नुसतेच गोफणवाले काढले तर गाव उपाशी राहून वाढंना. कोठार आधी घेतलं तर पोचेपर्यंत समोरच्यानं तट घातलेला. लेक म्हणायची, "आई, सगळे आधी वस्त्या वाढवतात. वस्त्या जास्त तर राज्य मोठं."

"मला राज्य न्हाय पाहिजे गं. मला एक गाव पाहिजे."

तेव्हा ती म्हणाली, "मग वस्ती मागं ढकल. आणि जवळचं रान तोड, लाकूड मिळालं की काम लवकर उरकतं."

हे मला कुणी सांगायला पाहिजे होतं. शेवटी क्रम बसला तो असा. पहिला टेहळ्या, कारण भाऊ कुठं बसलाय ते कळल्याबिगर काय उपयोग? मग गोफणवाले, एकामागं एक. मध्ये रान तोडून उरलेले गोफणवाले झटक्यात. कोठार त्याच्यानंतर. देऊळ नाहीच. खंडोबा समजून घेईल म्हटलं, त्याच्याच गावासाठी चाललंय.

आन यात एक मेख होती, ती मला तालमीत सापडली. गेममध्ये आकड्यांची एक फळी असते, कुणाची फौज किती जोराची ते तिच्यावर तिघांनाही दिसतं. गोफणवाल्यांचा जोर जवळजवळ शून्यच धरतात. पण तिरंदाजीची विद्या शिकून झाली आन गाठीला थोडी नाणी असली, की तेच गोफणवाले जागच्या जागी तिरंदाज होतात. एका पाळीत. म्हणजे भाऊ फळी बघत राहणार आन त्याला दिसणार आक्काकडं काहीच न्हाय.

संक्रांत झाल्यावर नवा डाव मांडला. भावानं पहिल्या पाळीला गाव वसवलं. नाव, अणदूर. मी माझ्या गावाचं नाव त्यानंच दिलेलं ठेवलं, परंडा. त्याला बरं वाटलं असंल.

पंधरा दिवसांनी त्याचाच फोन. "आक्का, या डावाला तह नको का?"

"नको रे बाबा. तुझी ओवाळणी पचत न्हाय मला."

"रुसलीस व्हय? बरं, देऊळ कुठवर आलं?"

"पायाच खणतेय अजून," मी म्हटलं. माझे गोफणवाले तेव्हा त्याच्या नदीपल्याड डोंगराआड बसलेले होते. खोटं बोलले, आन बोलताना मला गोड लागलं.

तह केला न्हाय, म्हणून मोडलाही न्हाय. हे ध्यानात ठेवा. मी त्याच्यासारखं केलं न्हाय.

तो सैल झाला होता. त्याचे घोडेस्वार लांब उत्तरंला माझ्या लेकीच्या हद्दीत हुंदडत होते, आन अणदुरात त्यानं काय बांधायला घेतलं होतं? कोठार! टेहळ्याकडनं बघितलं तेव्हा मला एकटीला स्वयंपाकघरात हसू फुटलं.

तिरंदाजी शिकून झाली त्या सकाळी चहा निवला तरी मी घेतला न्हाय. एकेका गोफणवाल्यावर बोट ठेवत गेले आन एकेकाच्या हातात धनुष्य येत गेलं. पुढच्या पाळीला नदी ओलांडली. त्याच्या पुढच्या पाळीला बाण सोडले. गावाचा जोर असा उतरत गेला जसं रांजणाला भोक पडावं.

फोन वाजला. "आक्का, ही माणसं कुठनं आली?"

"चालत आली."

"परवा न्हवती तुझ्याकडं! फळीवर काय बी न्हवतं!"

"व्हती की. तू गरिबाला माणसात धरत न्हाईस."

घोडेस्वार त्यानं माघारी वळवले, पण लांबचा पल्ला. ते पोचायच्या आत माझा लाठीवाला वेशीत शिरला. तोच, फुकटातला. आन गेमनं मला विचारलं, गाव ठेवायचं का जाळायचं? दोन बटणं. भावानं परत फोन लावलेला होता, त्यालाही ठाऊक होतं आता काय विचारत्यात ते.

"जाळू नको गं आक्का," तो म्हणाला. "आपलं गाव हाय."

"आपलं? कवापासनं?"

तो नुसता खाकरला.

"सांग की. कुणाचं हाय अणदूर?"

मागनं भावजय ओरडली, "अवो, वन्संचं हाय म्हणा आन सोडवा एकदाचं! दूध उतू चाललंय इकडं!"

"तुझं बी हाय," तो म्हणाला.

"बी काढ."

पारावरची माणसं बोलत होती ते ऐकू येत होतं मला. मी त्या पाराला लहानपणी शेणानं सारवलेलं आहे.

"तुझं हाय," तो म्हणाला. हळू म्हणाला, म्हणजे पारावर कुणाला ऐकू जाऊ नये असं. मला आलं ऐकू, तेवढं बास. मी गाव ठेवलं.

मग आठवडाभर त्यानं पाळीच खेळली न्हाय. त्याची पाळी झाल्याबिगर आमची येत न्हाय, डाव तसाच थटून राहिला. लेकीचा फोन आला, "आई, मामा रुसलाय. गंमत झाली, आता देऊन टाक परत."

"त्यानं मला दिलं होतं परत?"

"तू मोठी आहेस ना."

"मोठी होते तेव्हाच दिलं सगळं. आता न्हाय."

ती म्हणाली, तू फार कडक झालीस. झाले. रोज सकाळी टॅबलेट उघडायचे आन नुसतं अणदूर बघत बसायचे. माझ्या रंगातलं. शेजारीण म्हणायची, बाई, काय एवढं बघता त्यात? म्हटलं, माहेर.

परवा त्यानं पाळी खेळली. टॅबलेटनं टुंग केलं आन मी पिठाचे हात तसेच पुसत आले. त्याच्याकडं आता डोंगराखालची एक बारीक वस्ती उरली आहे, तिला त्यानं नावही दिलेलं न्हाय. टेहळ्या पाठवून बघितलं. कोठार न्हाय, देऊळ न्हाय. गोफणवाला काढतोय. एक तयार, दुसरा होत आलेला, आन वस्तीच्या कडंचं रान तोडायला घेतलंय. माझाच क्रम, अगदी तस्साच.

फोन काही त्यानं केला न्हाय, मीही केला न्हाय. अणदुरात मी नुकतंच कोठार सुरू केलं होतं. ते थांबवलं आन तिरंदाज काढायला लावले. पोट मारून राहील गाव, पण माझं राहील. येऊ दे त्याला.