बियासाठी राखलेला दोडका

आमच्या दाराला लिंबू-मिरची नाही. मांजर आडवं गेलं तर मी त्यालाच बिस्कीट टाकते. भुताखेताचं सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलेय, तेव्हा आता तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही... फक्त शेवटपर्यंत वाचा. कारण यातला घाबरण्यासारखा भाग थोडा आहे, आणि लाज वाटण्यासारखा बराच.

मी बालाघाटला असते. माहेर गोंदियाचं म्हणून मराठी टिकलं; मुलं मात्र हिंदीतच भांडतात. इथल्या वनस्पती उद्यानात मी देखरेखीचं काम करते. पुढे मोठी झाडं, प्रत्येकाला शास्त्रीय नावाची पाटी. मागे पाण्याच्या टाकीजवळ वीस वाफे, गावातल्या बायकांना भाजीपाला-फुलं लावायला दिलेले. झाडांची शिस्त आणि बायकांची बेशिस्त, दोन्ही माझ्याच माथी.

कुंपणाकडचा शेवटचा वाफा शेवंताबाईंचा. या भरवेली गावच्या. नवरा मॅंगनीजच्या खाणीत होता, तो गेल्यावर मुलीकडे राहायच्या. सत्तरी उलटलेली, छातीत कायम घरघर, तरी भरलेल्या ऑटोत बसून यायच्या. त्यांचा दोडका अख्ख्या बागेत नावाजलेला होता. लांब, कोवळा, जरा गोडसर. लांजीकडच्या त्यांच्या माहेरचं बी.

वेलावरचा सगळ्यात चांगला दोडका त्या तोडत नसत. त्याच्या देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायच्या. चिंधी म्हणजे हा बियाचा, याला कुणी हात लावायचा नाही. आमच्याकडे शेतीत वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. मलाही माहीत होतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे मी न समजून काही केलं असं कुणी म्हणू नये.

"बाई, येवढा एकच राखला यंदा," त्या मला म्हणाल्या होत्या. "बाकीचे किडले. माह्या लग्नात मायनं पदराच्या गाठीत बी बांधून देल्लं होतं. घरचं बी तं गेल्या साली उंदरानं नेलं. आता हाय ते यातच हाय."

"हौ हौ, लक्ष ठेवते मी," मी म्हटलं.

मग त्यांना दवाखान्यात ठेवलं. नोव्हेंबर होता. वेल वाळून तपकिरी झाला, दोडका काळपट पडून कुंपणावर लोंबत राहिला. त्यातच बाग पाहायला मोठे साहेब येणार असं कळलं. मी सकाळपासून कुंड्या रंगवून घेत होते आणि फिरून फिरून नजर त्या वाळक्या वेलावर जात होती. शेवटी मोरेश्वर माळ्याला म्हटलं, "हे सगळं काढ आणि जाळून टाक."

तो घुटमळला. "म्याडम, चिंधी बांधली हाय त्याले."

"मला दिसतंय. जाळ."

टाकीमागच्या पालापाचोळ्यात त्यानं वेल टाकला. दोडका तडतडला तेव्हा मी तिथेच उभी होते. दोडका एका बाजूला काढून ठेवायला अर्धं मिनिट लागलं असतं... साहेब आले, पुढची झाडं पाहून चहा घेऊन गेले. वाफ्यांकडे फिरकलेही नाहीत.

चौथ्या दिवशी शेवंताबाई दवाखान्यातून सुटून आल्या, मुलीनं घेतलेलं नवं हिरवं लुगडं नेसून. मोकळ्या कुंपणापाशी उभ्या राहिल्या. मी पुढे होऊन, त्यांनी विचारायच्या आतच बोलले, "गुरं शिरली हो शेवंताबाई. सगळं खाऊन गेली." इतकं सहज तोंडातून आलं की माझं मलाच नवल वाटलं.

त्या हात धुवायला टाकीकडे गेल्या. बराच वेळ तिकडेच होत्या. परत येऊन म्हणाल्या, "माहीच चूक हाय बाई. कुंपन ढिलं राह्यलं." आणि दुपारपर्यंत बसून, धापा टाकत, त्यांनी बांबूच्या काड्या विणून ते कुंपण नीट केलं. मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला. त्याच संध्याकाळी त्यांना पुन्हा दवाखान्यात नेलं, आणि आठवड्याभरात त्या गेल्या.

आता तो भाग, ज्याच्यासाठी लिहायला बसले.

फेब्रुवारीत उन्हाळी भाजीचं बी वाटायला मी ऑफिसातलं बियांचं कपाट उघडलं. लोखंडी कपाट, किल्ली एकच, ती माझ्या पर्समध्ये. आदल्याच दिवशी मी ते रिकामं करून पुसलं होतं आणि पाकिटं ओळीनं लावली होती. भर दुपार, बाहेर बायका गप्पा मारत बसलेल्या. मधल्या कप्प्यात, पाकिटांवर, वाळका दोडका होता. उचलला तर आत बी खुळखुळलं. देठाला हिरवी चिंधी.

मोरेश्वरला बोलावलं. तो दारातूनच मागे सरला. "म्याडम, म्या माह्या हातानं जाळला हो. तुमी उभ्या होत्या."

होते ना. दुसरा दोडका कुणी आणून ठेवला म्हणावं, तर कुलूप? आणि कशाला? दोन दिवस डोकं चालवलं, तिसऱ्या दिवशी दोडका पिशवीत घालून भरवेलीला गेले. वाटेत ऑटोच्या प्रत्येक धक्क्याला पिशवीत खुळखुळ व्हायची आणि शेजारची बाई माझ्याकडे बघायची.

त्यांची मुलगी वनिता. तिनं दोडका हातात घेतला, चिंधी पाहिली आणि खालीच बसली. "हे तुमाले कुठून भेटलं? हे तं आईच्या नव्या लुगड्याचं हाय. शेवटी तेच नेसवलं तिले. पदराचा कोपरा फाटेल दिसला, आमाले वाटलं दवाखान्यात कुठं अटकला असन."

मग मी सगळं सांगितलं. वेल, जाळ, गुरं. मान वर न करता. वाटलं, ही आता मला घराबाहेर काढेल. काढायलाच हवं होतं.

"आईले मालूम होतं," वनिता म्हणाली. "टाकीमागं राखीत तिले अर्धी जळेल चिंधी भेटली होती. घरी येऊन म्हने, बाई खोटं बोलल्या, पन बोलताना त्याहिचे ओठ थरथरून राह्यले होते. म्हून म्या कुंपन बांधून देल्लं. चार बाया पाहून राह्यल्या होत्या, त्याहिले वाटाव का गुरंच आलते."

मी पिशवी उचलून उठले.

निघताना तिनं दोडका फोडला आणि अर्धं बी माझ्या पदरात बांधलं. "घ्या. आई म्हने, बी एकाच घरी ठेवू नाही."

जूनमध्ये मी ते त्याच वाफ्यात लावलं. एकूण एक उगवलं. आता सप्टेंबर आहे, कुंपण वेलानं भरलंय. काल सगळ्यात चांगल्या दोडक्याला माझ्या साडीचा काठ फाडून बांधला. जाळलेला तो दोडका बंद कपाटात कसा आला, ते मला आजही माहीत नाही. त्याचा विचार मी आता सोडलाय.

दुसरीच गोष्ट मला सुटत नाही. बागेतल्या बायकांना अजून गुरांचंच खरं वाटतं. फाटकाशी गाय दिसली की ढेकूळ उचलतात आणि म्हणतात, "हिनंच शेवंताबाईचं बी खाल्लं." मी तिथेच असते. कालही एका गायीला ढेकूळ बसलं, आणि मी चिंधी बांधत राहिले.